पाड्यापासून पिंपळपारापर्यंत

आश्विन वद्य द्वादशीला नाशिक शहरात वसुबारस असते. त्याच दिवशी पेठ, हरसूल, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरपट्ट्यात वाघबारस असते आणि तिथे पूजा होते ती वाघदेवाची. चार दिवसांनी पाडव्याच्या पहाटे नेहरू चौकातल्या पिंपळपारावर सतरंज्या पडतात, तानपुरे जुळतात, आणि अभ्यंगस्नान उरकलेलं शहर गाणं ऐकायला बसतं. दोन्हीकडे दिवाळीच. मधलं अंतर गाडीने दीड-दोन तासांचं. पण पिंपळपारावर बसणाऱ्यांपैकी तारपा जवळून ऐकलेली माणसं थोडी, आणि पाड्यावर तारपा फुंकणाऱ्याला या पाराशी बोलावणं आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हा लेख या दोन टोकांमधल्या वादकांचा आणि गायकांचा आहे. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात विजेशिवाय वाजणारी वाद्यं किती तऱ्हांची आहेत, आणि त्यांना हात लावणारी माणसं किती वेगवेगळ्या वाटांनी संगीतापाशी आली आहेत, हे एका ठिकाणी मांडलेलं क्वचितच दिसतं. कोणी शेतातून आलं, कोणी देवाच्या नवसातून, कोणी चळवळीतून, कोणी गुरूच्या घरून, तर कोणी मिरवणुकीतून. संगीत शिकणं म्हणजे क्लास, परीक्षा आणि प्रमाणपत्र ही आपली शहरी समजूत यातल्या बहुतेकांना लागूच पडत नाही. त्या एका मापाने मोजलं की हे सगळे ‘हौशी’ किंवा ‘लोककलावंत’ होऊन जातात, आणि मानधनाच्या यादीत शेवटी येतात.

सुरुवात तारप्यापासून करतो. तारपा मुख्यतः वारल्यांचा, पण त्यांच्या शेजारच्या आदिवासी समाजांतही तो घुमतो. त्याचं वरचं अंग भोपळ्याचं. हा भोपळा भाजीसाठी तोडला की संपलं. वाद्याचा भोपळा वेलावर असतानाच हेरून राखावा लागतो, पार जून होऊ द्यावा लागतो. मग तो वाळवायचा, आतला गर आणि बिया काढून पोकळ करायचा, आणि वरच्या बाजूला फुंकायचं भोक पाडायचं. खालच्या अंगाला बांबूच्या दोन नळ्या बसवायच्या. नळीच्या आत बांबूचीच चिरून केलेली जिभली असते. फुंकर तिच्यावरून गेली की ती थरथरते आणि नाद उठतो. नळ्यांवर बोटांसाठी भोकं, आणि शेवटाला ताडाच्या पानांचा गोल गोल वळत नेलेला कर्णा. जिथे जिथे दोन तुकडे भेटतात तिथे मेण, तेही मधमाश्यांचं.

या मेणाचं काम निरखून बघावं. थंडीत ते आक्रसतं, उन्हात सैल पडतं. म्हणून वाजवायला बसण्याआधी वादक अंगठ्याने एकेक सांधा दाबून घेतो, फुंकून कुठे हवा गळते का ते पाहतो, जिभलीवर मेणाचा कण चिकटवून स्वर जरा उतरवतो किंवा कण खरवडून चढवतो. शहरात सतारीच्या तारा जुळवणाऱ्याकडे आपण आदराने बघतो, तेच हे काम आहे. फरक इतकाच की इथे वादक आणि वाद्य बनवणारा बहुधा एकच माणूस असतो. त्याने वेल वाढवलेला असतो, बांबू तोडलेला असतो, पोळ्याचं मेण काढलेलं असतं.

मग श्वास. तारप्याचा नाद तुटत नाही. वादक गालात हवा साठवतो, गालांनी ती बाहेर रेटत असतानाच नाकाने नवा श्वास आत ओढतो, आणि हे तासन् तास चालतं. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती साखळी धरतात. सूर बदलला की पावलं बदलतात. नाचणाऱ्यांची पाठ तारप्याकडे होऊ द्यायची नाही, असा दंडक. वारली चित्रात जो नागमोडी गोल सगळ्या जगाने पाहिला आहे, तो हाच. जिव्या सोमा मशे यांनी तो कागदावर आणि कापडावर आणला, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राला मान मिळाल्यानंतर त्या चित्राच्या मध्यभागी उभ्या असलेल्या वादकाला तो मिळायला बरीच वर्षं जावी लागली. जव्हारकडचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव २०२६च्या पद्मश्रींच्या यादीत आलं, तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते.

तारप्याचा हंगाम ठरलेला आहे. भात निसवतं, नवं धान्य घरात येऊ लागतं तेव्हा तो निघतो आणि दिवाळीपर्यंत घुमतो. म्हणजे तो वाजवणारा माणूस वर्षातले बाकीचे महिने शेतकरी असतो, मजूर असतो, द्राक्षाच्या छाटणीला निफाड-दिंडोरीकडे आलेला असतो. आपल्या बागांत खुडणीला उभ्या असलेल्या माणसांत एखादा उत्तम तारपकरी असू शकतो, हे द्राक्षांच्या या जिल्ह्याने एकदा ध्यानात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

तारप्याची चुलत बहीण म्हणावी अशी पावरी. तीही भोपळ्याची आणि बांबूची, पण तिच्या टोकाला बैलाचं शिंग, अंगावर मोरपिसं. कोकणा आणि भिल्ल समाजात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, मार्गशीर्षात, पौर्णिमेपर्यंत. कळवण, बागलाण, सुरगाण्याच्या गावांतून नवस केलेली मंडळी व्रत पाळून घराबाहेर पडतात, दारोदारी फिरतात, फेर धरतात, आणि अखेरीस डोंगरावर देवाच्या ठिकाणी जातात. या सगळ्या दिवसांत पावरी त्यांच्यासोबत असते. इथे वाद्य वाजवणं हे व्रताचंच काम आहे. पावरी चांगली वाजली की नाही हे टाळ्यांवरून ठरत नाही. अंगात वारं आलं का, पाय थांबले का, यावरून ठरतं.

आणि एक वाद्य असं आहे की ते पाहिल्यावर वाद्य या गोष्टीविषयीच नव्याने विचार करावा लागतो. काशाची थाळी. तिच्या मधोमध मेणाच्या गोळ्यात एक सरळ काडी उभी करतात. कथा सांगणारा माणूस ती काडी दोन्ही हातांच्या बोटांत धरून वरून खाली ओढत राहतो. थाळी गुणगुणते. एकच स्वर, दबका, न संपणारा. त्यावर तो कथा गातो: धान्याची देवी कणसरी कशी आली, कुठे राहिली, का रुसली. कोणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर त्या रात्रीची कथा वेगळी. ख्यालगायकाला जे काम तानपुरा करतो तेच इथे ताटाने केलं आहे: गाणाऱ्याच्या पाठीशी एक आधारस्वर उभा करायचा. ही कल्पना डोंगरात कोणी कधी शोधली हे शास्त्रात लिहिलेलं नाही. पण ज्याला हे सुचलं त्याचा कान फार मोठा असला पाहिजे.

घाट उतरून खाली आलं की कातड्याचा आणि तारेचा मुलूख लागतो. सप्तशृंगीच्या गडाकडे चैत्रात आणि नवरात्रात माणसांची रीघ लागते, आणि गोंधळ्यांचं संबळ कडाडतं. मालेगावजवळ चंदनपुरी आहे, खंडोबाच्या बाणाईचं गाव. पौष पौर्णिमेच्या यात्रेत वाघ्या-मुरळीची दिमडी आणि तुणतुणं ऐकावं ते इथे. त्र्यंबकेश्वरी पौषातच निवृत्तिनाथांची यात्रा भरते, दिंड्यांचे टाळ-पखवाज गावोगावहून येतात. त्र्यंबक-पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा असतो: मुखवटे घातलेले देव आणि राक्षस रात्रभर एकामागून एक येतात, आणि संबळ-पिपाणीवाले प्रत्येक सोंगाला त्याची त्याची चाल देतात. जाणत्याला डोळे मिटूनही कळतं की आता कोणतं सोंग निघालं. जुन्या नाशकात बड्या दर्ग्याच्या उरुसाला कव्वाली असते, आणि शरणपूर भागात चर्चमध्ये मराठी भजनं पेटीवर गायली जातात. त्या भजनांमागे रेव्हरंड ना. वा. टिळकांचं मोठं काम आहे. ख्रिस्ती उपासनेत अभंग, ओवी आणि कीर्तन त्यांनी रुजवलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई याच मातीतल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या.

आता शहरातल्या शास्त्रीय परंपरेकडे येतो, कारण तिची गोष्ट लोक समजतात त्यापेक्षा रस्त्याच्या फार जवळची आहे.

विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकाम चेहऱ्याजवळ उडालं आणि दृष्टी अधू झाली. लिहिण्यावाचण्याचं शिक्षण अडलं म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या दरबाराबाहेर, लोकांच्या पैशावर चालणारी, वर्ग आणि अभ्यासक्रम असलेली शाळा. स्वरलिपी केली, पुस्तकं छापली, वाद्यदुरुस्तीचा कारखाना घातला. मुंबईतल्या इमारतीपायी कर्ज झालं, ती हातची गेली. उतारवयात हा माणूस नाशिकला आला. भगवी वस्त्रं, रामचरितमानसाचं प्रवचन, आणि ‘रामनाम आधार आश्रम’. शिष्यांना जेवू घालून गाणं शिकवणं इथेही चालूच होतं. इथेच २८ मे १९२१ रोजी दत्तात्रेय म्हणजे बापूराव, आपले डी. व्ही. पलुस्कर, जन्मले. दहाव्या वर्षी वडील गेले. पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे झाली. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात ते गायले. १९५२च्या ‘बैजू बावरा’मध्ये अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी त्यांचीच. २६ ऑक्टोबर १९५५ला, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांची भजनं आजही पहाटे रेडिओवर लागतात आणि ऐकणाऱ्याला ती नाशिकची आहेत हे ठाऊकही नसतं.

आता मार्च १९३०. महिन्याच्या २ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मैलभर लांबीची मिरवणूक निघाली, आणि तिच्या अग्रभागी लष्करी बँडचं संगीत येणारी माणसं होती, असं धनंजय कीरांनी नोंदवलं आहे. दहा दिवसांनी, १२ मार्चला, साबरमतीहून गांधीजी दांडीला निघाले. त्या तुकडीत भजनं म्हणणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, विष्णु दिगंबरांचे शिष्य. पलुस्करांनी घराघरांत पोचवलेली रामधून त्या वाटेवर गायली गेली. रामाचं नाव गुजरातच्या रस्त्यावर मोकळेपणाने गायलं जात होतं, आणि पंचवटीत रामाच्या दारात माणसांना अडवलं जात होतं. नाशिकच्या संगीताचा इतिहास लिहिताना या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तो पुरा होणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्या सत्याग्रहाच्या काळातच आंबेडकरी जलसे उभे राहिले. साचा तमाशाचा, चाली लोकांच्या ओठांवरच्या, वाद्यं हाताशी होती ती: ढोलकी, तुणतुणं, पेटी, झांज. आत भरलेला मजकूर मात्र नवा होता: शाळा, पाणवठा, मंदिर, मान. भीमराव कर्डक हे या जलशांचं मोठं नाव. पुढे त्यांनीच ‘आंबेडकरी जलसे’ हा ग्रंथ लिहून हा इतिहास जपला. आपल्या भाषणांपेक्षा या जलशांनी जास्त काम केलं, अशी पावती बाबासाहेबांनी दिल्याचं सांगतात.

आणि मग वामनदादा. वामन तबाजी कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर. मोलमजुरी करत मुंबईला गेले. तरुणपणी एकाने पत्र वाचून मागितलं आणि वाचता येत नाही म्हणून ते ओशाळले, तिथून अक्षरओळख सुरू झाली, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. पुढे या माणसाने हजारो गाणी लिहिली. ती वहीतून कमी आणि तोंडातून जास्त पसरली. खेड्यातून खेड्यात, मिळेल त्या वाहनाने, दोन-तीन साथीदार आणि एक पेटी. १५ मे २००४ला ते गेले. आज १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, महाराष्ट्रात कुठेही उभे राहा, त्यांचा एक शब्द तरी कानावर पडतोच.

सिन्नरच्या मातीला शाहिरी तशी नवी नव्हती. पेशवाईअखेरचा शाहीर परशराम हा याच तालुक्यातल्या वावीचा, धंद्याने शिंपी. आणि शहरातले कवी गोविंद, ज्यांचे पाय निकामी होते. त्यांच्या कविता छापल्या म्हणून १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. शिंपी, पंगू कवी, मजूर, अधू डोळ्यांचा गवई. यातल्या एकाचीही वाट दुसऱ्यासारखी नाही. पण गाणं बंद दालनातून बाहेर काढून माणसांत नेलं पाहिजे ही तळमळ चौघांनाही होती. मला नाशिकचं असं जर काही घराणं सांगायचं असेल, तर ते हे सांगेन.

ढोलाबद्दल थोडक्यात, कारण त्याच्याबद्दल सगळे बोलतात. ‘नाशिक ढोल’ हे नाव आता या गावाचं राहिलेलं नाही. केरळात लग्नाच्या वरातीत आणि निवडणुकीच्या मिरवणुकीत ‘नासिक ढोल’ची पथकं वाजतात, तिथल्या पोरांनी नाशिक पाहिलेलंही नसतं. चेंड्यासारखं अस्सल तालवाद्य असलेल्या मुलखाने आपला ढोल उचलला, ही आपल्या हातांना मिळालेली मोठीच दाद आहे.

आता अडचणीची बाजू. पावरीचा नाद हल्ली लग्नाच्या गाडीवर ठेवलेल्या कीबोर्डमधून निघतो. कळ दाबली की पावरी, दुसरी कळ दाबली की संबळ. वाजवणारी पोरं त्याच पाड्यांवरची आहेत, त्यांच्या बोटांत वाडवडिलांच्या चाली आहेत, म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. उधारउसनवारी या मुलखाला नवी नाही. आपली पेटी युरोपातून आली. गल्लोगल्लीच्या पार्ट्यांतला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ १९१२ साली नागोयात बनलेल्या तैशोगोतो या जपानी वाद्यात आहे. वाद्यं येतात, रुजतात, आपली होतात. प्रश्न वेगळाच आहे. तारपा किंवा पावरीचे स्वर पेटीच्या पट्ट्यांना जुळत नाहीत. प्रत्येक भोपळ्याची, प्रत्येक नळीची पट्टी स्वतःची. रेकॉर्डिंगला बसलं की वादकाला सांगितलं जातं, जरा सुरात घ्या. तो सुरातच असतो, त्याच्या वाद्याच्या. अशा वेळी बाकीच्या वाद्यांनी त्याच्याकडे सरकायला हवं. हे अशक्य नाही. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने २०१९मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं ते आरेच्या पाड्यावरच्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन, त्यांचा आवाज मध्यभागी ठेवून. नाशिकच्याच द्राक्षमळ्यांत २००८ साली ‘सुला फेस्ट’ हा संगीत महोत्सव सुरू झाला, देशोदेशीचे वादक इथे येऊन गेले. तीस-चाळीस मैलांवरची पावरी त्या मंचावर मानाने उभी राहिली तर पाहुण्यांनाही इथे आल्याचं सार्थक वाटेल.

दुसरी अडचण वेळेची. महोत्सवांत, शासकीय सोहळ्यांत, आदिवासी दिनाच्या कार्यक्रमात तारप्याला पाच मिनिटं देतात. पाच मिनिटांत तारपा तापतसुद्धा नाही. जे वाद्य रात्रभरासाठी बांधलं गेलं, त्याला मान्यवरांच्या स्वागतापुरतं वापरणं हा त्या वाद्याचा अपमान आहे. आपण ख्यालगायकाला पाच मिनिटांत विलंबित आटपायला सांगत नाही.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी अडचण शिकण्याची. पोरं आश्रमशाळेत वाढतात. भात निसवण्याच्या, डोंगऱ्यादेवाच्या, बोहाड्याच्या दिवसांत ती घरी नसतात. जे संगीत बघून, फेरात उभं राहून, थोरल्याच्या मागे चालून शिकायचं, ते शिकायचा काळच वसतिगृहात निघून जातो. शाळेत परिपाठाला पेटी-तबला असतो, आणि तो असावाच. पण गावातला पावरी वाजवणारा म्हातारा शाळेच्या कुंपणाबाहेर राहतो.

राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय याच नाशिक शहरात आहे. त्या कार्यालयातून शेकडो आश्रमशाळांचा कारभार चालतो. माझी तिथल्या अधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवणच्या प्रत्येक आश्रमशाळेत तारपा, पावरी, थाळी किंवा संबळ जाणणाऱ्या एका माणसाला आठवड्यातून दोन दिवस बोलवा. शिक्षकाला देता तसं मानधन द्या, पदवी विचारू नका. शाळेच्या आवारात वाद्याच्या भोपळ्याचे वेल लावा, म्हणजे वाद्य बनवणंही पोरांच्या हाती येईल. सणाला मुलांना चार दिवस घरी जाऊ द्या.

आणि वाचकहो, तुमच्या संस्थेची, सोसायटीची, वाचनालयाची पुढली दिवाळी पहाट ठरेल तेव्हा या पट्ट्यातल्या एका वादकाला बोलवा. शहरातल्या कलाकाराला देता तेवढीच बिदागी द्या, जाण्यायेण्याची सोय करा, आणि त्याला निदान दोन तास द्या.